वस्तादांच्या हातचा बोल्ट

“तू काय काय बदललंस, ते मी इचारलंच न्हाय. आवाज येतो कवा, तेवढं सांग.”

बोटं मोडत एक एक सांगणाऱ्या सर्जेरावानं हात खाली घेतला.

सकाळपासून जुनी जीप हाकत तो माणगंगेकाठच्या ह्या वस्तीवर आला होता, आणि आल्यापासून त्याचं एकच पालुपद चाललं होतं. अॅम्प्लिफायर बदलला. माइक बदलला. टपावरचे दोन्ही भोंगे बदलले. डायनमोच्या तारेवर फिल्टर बसवला. तरी भोंग्यातली घरघर काही जायचं नाव घेईना.

केरबा वस्ताद लिंबाखाली बसून ऐकत होते. कुठल्या तरी मोडीत गेलेल्या जीपची सीट त्यांनी झाडाखाली टाकली होती. तिच्यावर ते असे ऐटीत रेलले होते, की जसा काही आता गिअर टाकायचा आणि निघायचं.

“कवा येतो?” त्यांनी पुन्हा विचारलं.

“मधनंच येतो, वस्ताद. घूंऽऽ करून. डब्यात भुंगा अडकल्यावानी.”

“मधनंच म्हंजी कवा?”

आता आली का पंचाईत! शहरात सर्जेरावाच्या दुकानाला काचेचं दार होतं. लोक नव्याकोऱ्या गाड्या घेऊन यायचे, चावी त्याच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, आवाज असा बसवा की काळजात घुमला पाहिजे. तो बसवायचाही. अशा माणसाला कुणी साधं ‘कवा’ विचारावं, आणि त्याला उत्तर देता येऊ नये?

“त्याचा काय नेम न्हाय,” तो म्हणाला.

“नेम हाय. तू बघितला न्हाईस.”

सर्जेराव चिडला. मनातल्या मनातच, पण चिडला. म्हातारा होता तस्साच आहे, त्याला वाटलं. आणि वाटताक्षणीच बरंही वाटलं. हात थरथरायला लागले होते, डोळ्यांना चष्मा लागला होता, पण जीभ तीच होती. ह्याच जिभेचा मार खाऊन तो मोठा झाला होता.

“इंजीन बंद असताना येतो?”

“न्हाय.”

“रस्त्याला?”

सर्जेराव आठवायला लागला. मग त्याचं त्यालाच नवल वाटलं. “वस्ताद, उलटंच हाय बघा. खड्ड्याच्या रस्त्याला जातो. चांगल्या डांबरीला लागलो की येतो.”

वस्तादांनी डोळे उघडले.

“हां,” ते म्हणाले. “आता बोलाय लागलास.”

तेवढ्यात हौसाक्का चहा घेऊन आली. वस्तादांची ही थोरली लेक. नवऱ्यामागं वस्तीवरचं सगळं तीच बघायची आणि बापालाही तिनंच आणून ठेवलं होतं. सर्जेराव वस्तादांच्या हाताखाली होता तेव्हा हिच्याच हातची भाकरी खायचा.

“सर्जेराव म्हणू का सायेब म्हणू?” कप पुढं करत ती म्हणाली.

“अक्का, लाजवू नका.”

“लाजतोयस व्हय? मला वाटलं, शेरात गेलं की ती खोड जाती.”

तो हसला. पण ती हसली नाही. “दर दसऱ्याला आप्पा त्या सीटवर बसून सांजपातूर रस्त्याकडं बघत्यात. सगळी येत्यात सोनं द्यायला. तू तेवढा येत न्हाईस.”

“हौसा,” वस्ताद म्हणाले, “च्या ठेव आन् जा.”

ती गेली नाही. कमरेला हात लावून तिथंच उभी राहिली.

सर्जेरावानं मान खाली घातली. दसऱ्याला तो येत नसे हे खरं. पण दसरा तो विसरत नसे हेही तितकंच खरं, आणि ते सांगायचं कसं, हे त्याला कळेना. म्हणून त्यानं चहा भाजेल एवढा गरम असतानाच पिऊन टाकला.

“वस्ताद, उद्या संध्याकाळपातूर हे झालं पायजे,” तो म्हणाला. “न्हाईतर रत्नाबाई सगळी वायरिंग उपटून टाकणार हायत.”

वस्तादांचा कप ओठाशी थांबला.

रत्नाबाई म्हणजे चंद्रप्रभा टुरिंग टॉकीजची मालकीण. एके काळी चंद्रप्रभेचा तंबू लागला नाही अशी यात्रा ह्या मुलखात नव्हती. आता वर्षाकाठी एकाच यात्रेत तो उभा राहायचा, तोसुद्धा बाईंच्या हट्टापायी. आणि तंबू उभा राहिला की त्याची जाहिरात गावोगाव करायला हीच जीप निघायची. बाकी काळ ती सर्जेरावाच्या दुकानामागं ताडपत्रीखाली असे. त्यानंच मागून घेतली होती ती जपायला.

ह्या वर्षी पहिल्याच गावात घोटाळा झाला. सर्जेराव माइकवर बोलायला लागला आणि भोंग्यातून नुसतं घूंऽऽ. पारावरची माणसं खदखदा हसली. कुणीतरी ओरडलं, सिनेमा हाय का पिठाची गिरण? रत्नाबाई पुढच्याच सीटवर होत्या. गाडी मागं वळवा, एवढंच त्या म्हणाल्या. संध्याकाळी निरोप आला की, तीन दिवसांत आवाज स्वच्छ झाला तर ठीक, नाहीतर जुनं सगळं काढा आणि तयार सेट बसवा. जुन्या तारा भंगारवाला नेईल.

त्यांचंही काही चुकलं नव्हतं. पण त्या तारा वस्तादांच्या हातच्या होत्या.

एकूणएक. कापडी नळीत घालून, मेण लावलेल्या दोऱ्यानं वितीवितीवर गाठ मारून वस्तादांनी त्या ओवल्या होत्या. गाठ अशी, की दोऱ्याचं टोक दिसायचं नाही. भोंग्याची तार, माइकची तार, दिव्यांची तार, कुठंही फिरली तरी तिची परतीची तार, म्हणजे अर्थिंग, येऊन बॉनेटखालच्या एकाच बोल्टाखाली बसायची. “सगळ्यांचं म्हायेर हे एकच,” वस्ताद सांगायचे. “दोन म्हायेरं झाली की भांडणं लागली.”

सिनेमाचा जुना तंबू विरला, त्या वेळचं मशीन विकलं गेलं, पाट्या पावसानं धुऊन गेल्या. वस्तादांच्या हाताचं म्हणावं असं जगात एवढंच उरलं होतं. त्याला आपल्या डोळ्यांदेखत कातर लागायची, ह्या विचारानं सर्जेरावाला दोन दिवस अन्न गोड लागलं नव्हतं. म्हणून तो आला होता.

“उपटंनात का,” वस्ताद म्हणाले.

“असं कसं म्हणता?”

“तारच ती. जुनी झाली.”

“मला न्हाय चालायचं!” सर्जेराव एवढ्या जोरात बोलला की लिंबावरचे कावळे उडाले.

वस्तादांनी त्याच्याकडे नीट बघितलं. मग हात पुढं केला. सर्जेरावानं त्यांना धरून उठवलं. हात हलका लागला, फार हलका. ह्याच हातांनी त्यांनी एकदा चिखलात रुतलेली ही जीप मागून ढकलून बाहेर काढली होती आणि वर त्यालाच शिवी दिली होती, का तर तो नुसता बघत उभा होता म्हणून.

जीपपाशी येऊन वस्ताद थांबले. मडगार्डवरून त्यांनी तळवा फिरवला.

“रंग कवा दिलास?”

“गेल्या साली. आपलाच रंग मिळवून आणला. तोच हिरवा.”

“आमचा जरा काळपट होता,” वस्ताद म्हणाले. पण हात काढला नाही.

“चालू कर. माइक पण चालू कर. बोलू नको.”

इंजीन सुरू झालं. भोंगे उघडले. आणि... काही नाही. स्वच्छ. घरघर नाही, भुणभुण नाही. दवाखान्याच्या पायरीवर चढलं की पोराचा ताप उतरतो ना, तसली गत. सर्जेरावाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“आईशप्पथ, वस्ताद, काल दिवसभर...”

वस्तादांनी तोंडावर बोट ठेवलं.

मग नुसतं थांबणं.

थांबायची सर्जेरावाची सवय गेली होती. त्याचा हात सारखा अॅम्प्लिफायरच्या बटणाकडे जायचा आणि वस्तादांच्या नजरेनं परत यायचा. इंजीन आपलं एका सुरात चाललं होतं. लिंबाची पानं बॉनेटवर पडत होती. हळूहळू त्याच्या कानात जुने दिवस यायला लागले.

अशाच दुपारी जीप निघायची. वस्ताद गाडी चालवायचे, तो शेजारी हँडबिलांचा गठ्ठा घेऊन बसायचा. वेशीपाशी आलं की वस्ताद एका हातानं माइक उचलायचे. फू नाही, टिचकी नाही. एकदाच म्हणायचे, “हॅलो.” एकदाच. दोनदा ‘हॅलो’ म्हणणाऱ्याला आपल्याच कामाचा भरवसा नसतो, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या एका हॅलोनं गाव जागेवर उभं राहायचं. विहिरीवर बायांचे पोहरे थांबायचे, म्हाताऱ्या माना वळवायच्या. मग तो आवाज घुमायचा, आज रात्री आपल्या गावात, चंद्रप्रभा टुरिंग टॉकीज, बायकांची बसायची सोय वेगळी... त्या आवाजामागं धूळ उठायची आणि रंगीत कागद उडायचे. सर्जेरावाला तेव्हा वाटायचं, जगात ह्यापरीस मोठं काम नाही.

आताही तेच वाटलं. काचेच्या दाराचं सगळं वैभव त्यापुढं त्याला फिकं वाटलं, अगदी मनापासून वाटलं.

...घूंऽऽऽ.

“आला!” तो ओरडला आणि बटणावर झडप घातली.

“हात काढ!”

त्यानं चटका बसल्यासारखा हात काढला.

“त्याला येऊ दे. एवढा लांबनं तुला भेटाय आलाय.”

घरघर चालूच राहिली. वस्ताद मान कलती करून ऐकत होते. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर वैताग नव्हता. कुणी ओळखीचं दारात यावं तसा भाव होता.

“रेस कर.”

रेस वाढली तसा आवाज बारीक होत वर चढला.

“लाईट लाव.”

दिवे लागताच घरघर दुप्पट झाली. दिवे बंद केले, पुन्हा उतरली.

“आता गाडीला एक लाथ घाल.”

“काय?”

“लाथ. मडगार्डावर.”

सर्जेराव खाली उतरला. मडगार्डापुढं उभा राहिला. पाय उचलला आणि तसाच खाली ठेवला. ह्या गाडीला रोज सकाळी हात लावून तो तोच हात छातीला लावायचा. तिला लाथ? वस्तादांच्या गाडीला? वस्तादांच्या देखत?

“व्हत न्हाय, वस्ताद.”

“हात मेल्या!” असं म्हणत हौसाक्का पुढं झाली. लुगड्याचा ओचा सावरला आणि मडगार्डावर अशी सणसणीत लाथ हाणली की बॉनेट खडखडलं.

आवाज बंद.

एकदम बंद. इंजीन चालू, भोंगे चालू, आणि घरघरीचा मागमूस नाही.

“आलं ध्यानात?” हौसाक्कानं विचारलं. तिच्या स्वतःच्या काहीही ध्यानात आलेलं नव्हतं, पण लाथेचा गुण आलेला बघून ती खूश झाली होती.

सर्जेरावाच्या मात्र ध्यानात येऊ लागलं होतं. खड्ड्यात गाडी हादरली की जातो, लाथेनं हादरली की जातो. कुठंतरी काहीतरी नीट टेकत नव्हतं. हादरा बसला की टेकायचं, काही वेळानं परत सुटायचं.

“गाडीत सुटी तार हाय?” वस्तादांनी विचारलं.

“हाय.”

“एक टोक बॅटरीच्या मायनसला लाव. दुसरं अॅम्प्लिफायरच्या डब्याला. आधी आवाज परत येऊ दे.”

ह्या खेपेला सर्जेरावानं बटणाकडे बघितलंसुद्धा नाही. घरघर परत आली तेव्हा त्यानं तार टेकवली. आवाज गेला. तार उचलली, आवाज आला. टेकवली, गेला. पुन्हा उचलली... आला.

एवढं झाल्यावर दुकानात त्यानं कारागिराला सरळ सांगितलं असतं की अर्थिंग बघ, दुसरं काही नाही. इथं तो नुसता तार उचलत आणि टेकवत राहिला.

“काय काय खोललंस, म्हणाला व्हतास?” वस्ताद अगदी सहज म्हणाले.

“सगळं.”

“सगळं?”

“सगळं खोललं, वस्ताद. अॅम्प्लिफायर, माइक, भोंगे, डायनमो...”

“सगळं?”

...

सर्जेरावानं इंजीन बंद केलं.

“एक बोल्ट ऱ्हायला,” तो म्हणाला.

“का ऱ्हायला?”

“तुमच्या हातचा हाय.”

हौसाक्का एकदा ह्याच्याकडे, एकदा बापाकडे बघत राहिली.

“बॉनेट उघड,” वस्ताद म्हणाले.

त्याला नको होतं ते. पण उघडलं.

आत बाकी सगळं लख्ख होतं. तारांच्या गाठी जिथल्या तिथं होत्या. आणि मडगार्डाच्या आतल्या अंगाला, जिथं सगळ्या तारा येऊन मिळत, तिथं बोल्ट असा दिसतच नव्हता. तिथं होती हळदीकुंकवाची एक जाडजूड ढेप. वर्षावर्षाचा थर. नारळाच्या पाण्यानं ओघळलेला, तेलानं काळवंडलेला. वर झेंडूचा एक वाळका देठ आणि त्याला चिकटलेलं आपट्याचं पान.

“अगं बाई,” हौसाक्का म्हणाली. “म्हंजी सोनं हितं देत व्हतास व्हय?”

सर्जेराव लाल झाला. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

“दर दसऱ्याला करतो, वस्ताद. सकाळी आंघोळ झाली की पयलं हे. तुमी हिकडं आल्यापासनं एक साल चुकवलं न्हाय. दुकानात मिठाई नंतर, गिऱ्हाईक नंतर. पयलं तुमच्या बोल्टाला गंधफूल. तुमी आवळलेला तो. त्याला पाना कसा लावू मी? ... तुमचंच बघून करतो. तुमी पण दसऱ्याला सकाळच्या पारी बॉनेटात डोकं घालून वाकलेला असायचा. कुणाशी बोलायचा न्हाय. आमी सगळी पोरं लांब उभी ऱ्हायचो, हात जोडून. तुमचं झालं की मग आमी नारळ फोडायचो.”

वस्तादांनी चष्मा काढला. त्याच्याकडे विचित्र नजरेनं बघितलं.

मग खांद्यावरचा पंचा काढून ते वाकले आणि त्या हळदीकुंकवावरून तो खसकन ओढला.

“वस्ताद!”

झेंडूचा देठ खाली पडला. पान पडलं. ढेपेचा वरचा थर निघाला, खालचा निघाला, आणि खाली जे दिसलं ते बघून सर्जेरावाला कसंसंच झालं. तारांची पितळी टोकं हिरवीगार पडली होती. बोल्टाच्या मानेशी गंज फुगून आला होता. वर्षानुवर्षं पाणी, हळद, कुंकू, तेल... सगळं त्या फटीत मुरत गेलं होतं. आपल्याच हातानं मुरत गेलं होतं.

“मीच केलं हे,” तो म्हणाला. त्याचा आवाज फाटला. “लोकांनी दात काढले, बाई तारा उपटाय निघाल्या, आन् हे सगळं माज्याच हातनं...”

“रडाय मागनं बस. पाना घे.”

“तुमी खोला, वस्ताद. तुमच्या हातचा हाय, तुमीच खोला.”

वस्तादांनी आपले दोन्ही हात त्याच्यापुढं धरले. दोन्ही थरथरत होते, लिंबाच्या पानांसारखे. बराच वेळ त्यांनी ते तसेच धरले, त्याला नीट दिसेपर्यंत. मग खाली घेतले.

सर्जेरावानं पाना आणला.

बोल्ट हलेना. हौसाक्कानं घरातून रॉकेलची बाटली आणली, त्यानं थेंब थेंब सोडलं, वाट बघितली, पुन्हा पाना लावला. बोल्ट कुरकुरला, पण हलला नाही.

“मोडला तर?” सर्जेरावानं विचारलं.

“तर मोडला.”

“वस्ताद, मोडला तर तुमच्या हातचं काय ऱ्हायलं?”

वस्ताद त्याच्या दंडाकडे बघत राहिले. पाना धरलेल्या हाताकडे, मनगटाकडे, अंगठा कुठं ठेवलाय तिकडे. मग पुढं होऊन त्यांनी त्याचं कोपर जरासं खाली दाबलं. तीस वर्षांपूर्वी दाबायचे तसंच.

“आता लाव जोर.”

सर्जेरावानं डोळे मिटले आणि जोर लावला. करकर करत बोल्ट सुटला.

पुढचं काम त्यानं मान वर न करता केलं. बोल्ट काढला. तारांची टोकं पॉलिश पेपरनं एक एक घासली, हिरवं जाऊन पिवळं दिसेपर्यंत. मडगार्डाचा पत्रा घासला, पांढरा चकचकीत होईपर्यंत. नवा रंगही तिथून खरवडला. त्याच्या नखांत कुंकू गेलं, बोटांना गंज लागला. काचेच्या दाराआड बसायला लागल्यापासून त्यानं स्वतःच्या हातानं असं काम केलं नव्हतं. वस्ताद शेजारी मडगार्डाला टेकून उभे होते. सगळी टोकं त्यांनी एकदा हातात घेऊन पाहिली आणि एकच परत दिली. “आजून,” म्हणाले. त्यानं ते आजून घासलं.

बोल्ट परत बसवला. आवळायची वेळ आली तेव्हा सर्जेरावानं पाना त्यांच्यापुढं धरला.

“शेवटचा पीळ तुमी द्या. मग परत तुमच्या हातचा व्हईल.”

वस्तादांनी पान्यावर हात ठेवला. थरथरत्या हाताखाली पानाही किणकिणायला लागला. एक क्षण सर्जेरावाला वाटलं, देतात.

वस्तादांनी हात काढून घेतला.

“तू आवळ.”

त्यानं आवळला.

इंजीन सुरू केलं. भोंगे उघडले. दिवे लावले, रेस वाढवली, ते वाट बघत बसले. ह्या खेपेला सर्जेरावाला थांबता आलं. सावल्या लांबल्या, हौसाक्का दोनदा आत जाऊन आली. पण भोंग्यातून चकार आवाज नाही. शेवटी ती म्हणाली, “आजून एक लाथ घालू का? खात्रीसाठी?” तेव्हा कुठं तिघं हसले.

सर्जेरावानं माइक वस्तादांच्या हातात दिला.

वस्तादांनी तो तोंडाजवळ नेला. हात हलत होता म्हणून दुसऱ्या हातानं धरला. घसा खाकरला नाही, फुंकर मारली नाही.

“हॅलो.”

एकदाच. आवाज पिकला होता, पण स्वच्छ, काठावर कुठं मळ नाही. तो नदीपल्याड गेला. पल्याडच्या शेतात पाणी पाजणारा एक माणूस खोऱ्यावर हात ठेवून उभा राहिला आणि इकडं बघायला लागला. वस्तीवरच्या दोन म्हाताऱ्या दारात आल्या. “आगं, चंद्रप्रभा आली का काय?” असं एक दुसरीला म्हणाली, ते इथंपर्यंत ऐकू आलं.

वस्तादांनी माइक परत दिला. सर्जेरावाचे डोळे भरून आले होते आणि त्यानं ते पुसले नाहीत.

उन्हं कलली तशी निघायची वेळ झाली. उद्या संध्याकाळी जीप जाहिरातीला निघणार होती, त्याच तारांवर. सर्जेराव वस्तादांच्या पाया पडला.

“दसऱ्याला येतो. सोनं घेऊन. हितंच येतो, पयलं हितं.”

“बघू की,” असं हौसाक्का म्हणाली, पण मघासारखं तोडून नाही.

तो स्टिअरिंगवर बसला. चावी फिरवली. मग परत बंद केली. एक गोष्ट त्याच्या मनात लहानपणापासून होती आणि विचारायचा धीर कधी झाला नव्हता. आज झाला.

“वस्ताद, एक इचारू? दसऱ्याला सकाळी तुमी त्या बॉनेटात डोकं घालून येवढा येळ काय म्हणायचा? ओठ हलायचं तुमचं. आमी लांबनं बघायचो. कुठला मंत्र व्हता?”

वस्ताद जीपच्या सीटवर, लिंबाखाली जाऊन बसले. पंचा झटकला. त्यातून थोडं कुंकू उडालं.

“मंत्र कसला, लेका? शिव्या देत व्हतो. सालाचा गंज घासाय बोल्ट ढिला करत व्हतो.”